दारातला कट: सलग संकलनाची पार्श्वभूमी

फिल्ममेकिंग शिकणाऱ्यांना सुरुवातीला अनेकदा एक ठरलेला सीन दिला जातो. एक जण दार उघडून आत येतो, खोली ओलांडून खुर्चीत बसतो आणि समोरच्याशी दोन वाक्यं बोलतो. हा सलग संकलनाचा, म्हणजे वेगवेगळे शॉट एकच अखंड घटना वाटेल असे जोडण्याचा सराव. ब्रिटनमधल्या ओसीआर या परीक्षा मंडळाने ए-लेव्हलच्या मीडिया अभ्यासक्रमात अगदी हाच सराव नेमला होता. सिनेमाची पहिली वीस वर्षं ज्या अडचणी सोडवण्यात गेली, त्या सगळ्या या एका सीनमध्ये समोर येतात.

१९०३ सालच्या ‘लाइफ ऑफ अ‍ॅन अमेरिकन फायरमन’मध्ये अमेरिकन दिग्दर्शक एडविन पोर्टरने आगीतून सुटकेचा प्रसंग आधी खोलीच्या आतून पूर्ण दाखवला आणि मग तोच बाहेरून पुन्हा पहिल्यापासून. घटना एकच, पण पडद्यावर ती दोनदा घडते. पुढे आतले-बाहेरचे तुकडे आलटून पालटून जोडलेली एक प्रत निघाली आणि बरीच वर्षं अभ्यासक तीच मूळ समजत होते. इंग्लंडमध्ये दिग्दर्शक जी. ए. स्मिथने मात्र त्याच वर्षी ‘द सिक किटन’मध्ये मांजराच्या पिल्लाला चमच्याने पाजतानाचा क्लोज-अप लांबच्या शॉटच्या मधोमध बसवला होता.

१८० अंशांची रेषा, म्हणजे दोन पात्रांना जोडणारी आणि कॅमेऱ्याने न ओलांडायची काल्पनिक रेषा, सुरुवातीला कुणाला आखावी लागली नाही. सेटला तीनच भिंती, त्यामुळे कॅमेरा आपोआप एका बाजूला राही. तो पात्रांच्या मधे शिरू लागला तेव्हा नियमाची गरज पडली आणि साधारण १९१७पर्यंत हॉलिवूडमध्ये ही पद्धत रुळली. १९१९मध्ये मॉस्कोत चित्रपट-विद्यालय सुरू झालं. तिथे कच्च्या फिल्मचा तुटवडा होता, म्हणून तिथे शिकवणाऱ्या दिग्दर्शक लेव कुलेशॉव्हचे विद्यार्थी फिल्मशिवायच सीन बसवून सराव करत.

आता दाराकडे येऊ. सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे हात कडीला लागताच कॅमेरा बंद करणं आणि आतला शॉट उघड्या दारापासून सुरू करणं. दोन्ही शॉटमध्ये सामाईक हालचालच उरत नाही, मग कट करणार कुठे, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर जाणार कुठे? बाहेरून आणि आतून, दोन्हीकडून दार उघडण्याची क्रिया पूर्ण घ्या. आधी आणि नंतर तीन-तीन सेकंद कॅमेरा चालू राहू द्या. दार उघडायला दीड सेकंद लागत असेल तर सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने साधारण ३७ फ्रेम होतात. बाराव्या फ्रेमच्या आसपास, दार हलत असताना कट करून पाहा आणि तिथून दोन-तीन फ्रेम मागेपुढे सरका. दार स्थिर असताना केलेला कट लगेच डोळ्यांत भरतो, कारण तेव्हा नजर धरून ठेवणारी हालचालच नसते. बाहेर उजवा हात कडीवर असेल तर आतही उजवाच हवा. हे टेकच्या वेळीच वहीत टिपलेलं बरं.

बाहेर तो डावीकडून उजवीकडे चालत असेल तर आतही डावीकडूनच यायला हवा. पुढे संवादात कॅमेरा दोघांमधल्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवा, नाहीतर दोघं एकाच दिशेला पाहत बोलताना दिसतात. एकाच पात्राच्या लागोपाठच्या दोन शॉटमध्ये निदान ३० अंशांचा फरक नसेल, तर चित्र फक्त उडी मारल्यासारखं वाटतं.

चित्र नीट जुळलं तरी आवाजात पोर्टरचा दुहेरी प्रसंग परत येतो. दोन्ही शॉटमधला कडीचा ‘खट्ट’ राहून गेला की दार दोनदा उघडतं. एकच ठेवा, तो कटच्या पलीकडे वाहू द्या, आणि दोन्ही शॉटच्या आवाजाखाली सलग अंथरायला त्याच खोलीतली तीस सेकंदांची शांतता वेगळी रेकॉर्ड करून आणा.