मिक्स फ्रूटच्या बाटलीमागची गोष्ट

दर मार्चला आमच्या घरी हा विषय निघतोच. तासगावच्या मामाच्या द्राक्षबागेतला माल पेट्या भरून गेला की उरलेले सुटे मणी घमेलंभर सांगलीला येतात, आणि मग कुणीतरी म्हणतं की पाकात घालून बाटल्या भरून ठेवूया, पोरं सुट्टीला आली की कस्टर्डला होतील. आईनं एकदा केलं होतं तसं. द्राक्षं, अननस, डाळिंबाचे दाणे, छान एकतारी पाक, स्वच्छ धुतलेल्या काचेच्या बाटल्या, झाकणं घट्ट. आठव्या दिवशी फेस आला आणि झाकण फिरवल्यावर फुस्स करून वास बाहेर. तिला फार लागलं ते, कारण तिचा मुरांबा दोन-दोन वर्षं टिकतो, मग हे का टिकलं नाही? मी तेव्हापासून या गोष्टीच्या मागे लागलोय आणि मला वाटतं आपल्याकडे घोळ इथंच होतो, मुरांबा आणि ही बाटली दिसायला बहिणी वाटतात पण त्यांचं कूळ वेगळं आहे.

मुरांबा, साखरांबा, गुळांबा, मोरावळा हे सगळं साखरेवर टिकतं. पाक आटवत आटवत साखर दोन तृतीयांशाच्या आसपास नेली की जंतूंना वापरता येईल असं पाणीच उरत नाही. आमच्या भागातला बेदाणापण त्याच घराण्यातला, तिथं साखर घालायची नाही, शेडमध्ये जाळ्यांवर पसरून पाणी काढून घ्यायचं. आपल्या लोकांनी हे फार आधीपासून ओळखलं होतं. पण डब्यातल्या मिक्स फ्रूटचा पाक पातळ असतो, त्यात साखर निम्म्याहूनही कमी, वर फळांचं पाणी सुटून तो अजून पातळ होतो. नुसत्या साखरेच्या जिवावर तो टिकूच शकत नाही. तिथं काम करते ती उष्णता आणि हवाबंद झाकण, आणि ही आयडिया स्वयंपाकघरातूनच आली पण फ्रान्समधल्या.

निकोला अपेर नावाचा मिठाई करणारा माणूस, त्यानं 1795 च्या सुमारास प्रयोग सुरू केले. जाड काचेच्या बाटलीत फळं, भाज्या, मटण भरायचं, बूच ठोकून तारेनं बांधायचं आणि अख्खी बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची. म्हणजे आधी भरायचं, झाकायचं आणि मग उकळायचं! आई नेमकी हीच पायरी करत नव्हती, ती पाक उकळायची पण भरलेली बाटली नाही. 1810 मध्ये फ्रेंच सरकारनं अपेरला 12,000 फ्रँक दिले, अट एवढीच की पद्धत छापून सगळ्यांना सांगायची. त्यानं सांगितली. पण हे का टिकतं हे त्यालाही माहीत नव्हतं, जंतूंचा उलगडा फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरनं 1860 च्या दशकात केला. अर्धं शतक लोक कारण न कळता बरोबर काम करत राहिले, मला हे खूप भारी वाटतं. अपेर मात्र 1841 मध्ये गरिबीत गेला.

इंग्लंडमध्ये पीटर ड्युरंडनं 1810 लाच डब्याचं पेटंट घेतलं आणि 1813 पासून लंडनला पत्र्याच्या डब्यांचा कारखाना सुरू झाला, गिऱ्हाईक मुख्यतः आरमार. डबे छिन्नी-हातोड्यानं फोडावे लागायचे, ओपनर यायला 1850 चं दशक उजाडलं. हा झाला कारखान्याचा रस्ता. घरच्या बाईच्या हातात हे काम आलं ते बाटलीमुळे, 1858 मध्ये जॉन लँडिस मेसननं अमेरिकेत आट्याच्या तोंडाच्या बरणीचं पेटंट घेतलं, आणि 1915 मध्ये केर यांचं दोन भागांचं झाकण आलं, एक चपटी चकती आणि वरून आट्याची रिंग. उकळताना आतली हवा बाहेर निघते, गार होताना चकती आत ओढली जाते आणि टक् असा आवाज येतो, तो आला की सील लागलं.

मिक्स फ्रूट म्हणून जे आपण ओळखतो ते कॅलिफोर्नियातलं. पीच आणि पेअरच्या कॅनरीत, म्हणजे फळं डब्यात भरायच्या कारखान्यात, जी फळं अख्ख्या फाकी म्हणून चालायची नाहीत त्यांचे चौकोनी तुकडे करून एकत्र डब्यात भरायची पद्धत तिकडे रुळली, पुढे अमेरिकन सरकारनं प्रमाणच ठरवून दिलं: पीच 30 ते 50 टक्के, पेअर 25 ते 45, द्राक्षं 6 ते 20, अननस 6 ते 16, चेरी 2 ते 6. आपल्याकडे पार्टीत त्या डब्यातली लाल चेरी कुणाच्या वाटीत येते यावर भांडणं व्हायची ती त्या 2 ते 6 टक्क्यांमुळे.

आपल्या भागात घरोघरी हे का रुजलं नाही याचं कारण मला साधं वाटतं, गरजच नव्हती. तिकडं बर्फात चार-सहा महिने ताजं फळ नाही, इथं द्राक्षं संपली की आंबा, मग सीताफळ, पेरू, डाळिंब, बोरं. द्राक्ष बेदाण्याकडे गेलं आणि सातारा बाजूला स्ट्रॉबेरी जॅम-क्रशकडे, पाचगणीला 1959 मध्ये मॅप्रो सुरू झालं ते याच वाटेनं. तसंही स्ट्रॉबेरी पाकात उकळली की रंग उडतो आणि लगदा होतो, क्रशच बरा तिचा.

करायचंच असेल तर दोन गोष्टी जीव लावून पाळा. एक, आंबटपणा. पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं फळ आंबट) 4.6 च्या खाली असेल तर बोट्युलिझमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेचा, जंतू वाढत नाही, म्हणून आंबट फळांना उकळतं पाणी पुरतं. केळं, चिकू, पिकलेली पपई यात घालू नका. दुसरं, उंची. जसं वर जाल तसं पाणी कमी तापमानाला उकळतं, महाबळेश्वरला साधारण 95-96 अंशांनाच. अमेरिकन कृषी खात्याच्या पीच-पेअर-द्राक्षांच्या कृतीत अर्धा लिटरच्या बाटलीला समुद्रसपाटीजवळ 20 मिनिटं आहेत, 1,000 ते 3,000 फुटांत 25 आणि त्यावर 6,000 पर्यंत 30. म्हणजे सांगली आणि सातारा दोन्हीकडे 25, महाबळेश्वर-पाचगणीला 30. आणि त्या कृतीत द्राक्षं थोडी कच्चट घ्यायला सांगितलीत, जी मामाच्या बागेत पेटीला चालत नाहीत म्हणून बाजूला पडलेली असतात तसलीच.

यंदा आईला मी चकतीवाली झाकणं आणून दिलीत. ती अजून पाक एकतारीच करते म्हणते, पण बाटल्या उकळायला मोठं पातेलं माळ्यावरून काढून ठेवलंय.