कॉपीराइट नोंदणीचा अर्ज : लेखक-कलावंतांनी काय तयार ठेवावं

कॉपीराइट मिळण्यासाठी अर्ज करावा लागत नाही. एकांकिका लिहून झाली की १९५७च्या कायद्यानुसार हक्क आपसूक निर्माण होतो. तरीही नोंदणी करावी असं मी आग्रहाने सांगेन. कुणी परस्पर प्रयोग लावले आणि प्रकरण कोर्टात गेलं, तर नोंदवहीतली नोंद कलम ४८नुसार प्रथमदर्शनी पुरावा, म्हणजे उलट सिद्ध होईपर्यंत खरी, धरली जाते. हौशी मंडळींच्या संहिता हातोहात फिरतात. त्यांना तर याची फारच गरज आहे.

अर्ज लेखक, संगीतकार, चित्रकार, त्यांचे वारस किंवा हक्क लेखी करून घेतलेली व्यक्ती वा संस्था करू शकते. नोकरीत कामाचा भाग म्हणून लिहिलं असेल आणि वेगळा करार नसेल, तर हक्क सहसा मालकाचा. नुसती कल्पना किंवा शीर्षक नोंदवता येत नाही.

केंद्राच्या कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर खातं उघडून फॉर्म १४ भरायचा. प्रत्येक कृतीला स्वतंत्र अर्ज, आणि गफलत होते ती इथेच. गाणं आपण एक म्हणतो, पण कायद्याच्या लेखी शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि ध्वनिमुद्रण तिसरंच. पहिल्या दोघांना प्रत्येकी ५०० रुपये शुल्क, ध्वनिमुद्रणाला २,०००. चित्रपटाला ५,०००. मालाच्या वेष्टनावर वापरायच्या चित्राला २,००० रुपये, शिवाय तसाच ट्रेडमार्क आधी कुणाचा नाही असं सांगणारा ट्रेडमार्क कार्यालयाचा शोध दाखला.

सोबत कृतीची प्रत आणि ओळखपत्र लागतं. वकिलामार्फत अर्ज असेल तर वकीलपत्र. अर्जदार स्वतः लेखक नसेल तर लेखकाचं ना-हरकत पत्र, पुस्तक छापून झालं असेल तर प्रकाशकाचं, मुखपृष्ठावर कुणाचा फोटो असेल तर त्या व्यक्तीचंही. अनुवाद असेल तर मूळ हक्कधारकाची परवानगी आधी घ्या. ही पत्रं अर्जाआधीच गोळा करा. संबंध बिघडल्यावर सही मिळवणं फार जड जातं.

अर्ज गेला की डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा क्रमांक, मिळतो. कृतीत हितसंबंध असलेल्यांना अर्जाची नोटीस तुम्हीच द्यायची असते. हरकतींसाठी ३० दिवस थांबतात, मग छाननी. त्रुटीचं पत्र आलं तर मुदतीत उत्तर द्या, म्हणून नोंदवलेला ईमेल रोजच्या वापरातलाच असू द्या.

प्रमाणपत्र हातात आलं तरी प्रकाशकाशी किंवा निर्मात्याशी होणारा करार नीट वाचा. हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ ती ५ वर्षं धरतं. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ‘कायमस्वरूपी, जगभर’ हे शब्द दिसले, तर सही करण्याआधी त्यांवर बोलून घ्या.