हौशी नाट्यसंस्थेचं वर्ष कुणी आखलं?

दिवाळी जवळ आली की गावोगावच्या हौशी नाट्यसंस्थांच्या बातम्या यायला लागतात. नव्या दोन अंकी नाटकाच्या तालमींचा नारळ फुटला, संहिता परिनिरीक्षणाला, म्हणजे सेन्सॉरला, गेली, राज्य नाट्य स्पर्धेतला प्रयोग अमुक तारखेला आहे, जानेवारीत एकांकिका, मे महिन्यात मुलांचं शिबिर. सांगली असो, रत्नागिरी असो की नांदेड, संस्थेचं नाव बदलतं, वर्षाचा क्रम बहुतेक तोच राहतो. हा क्रम आपोआप पडलेला नाही. काही संस्था, काही सरकारी निर्णय आणि मोजकी हट्टी माणसं यांनी तो घडवला. मात्र या सगळ्याला एक गोष्ट लागते आणि तीच सहज मिळत नाही. ती म्हणजे संध्याकाळी उघडी असलेली, परवडणारी जागा.

वर्षाचा पहिला दिवस ५ नोव्हेंबर. १८४३ मध्ये याच तारखेला सांगलीत विष्णुदास भावे यांनी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ सादर केलं, म्हणून हा मराठी रंगभूमी दिन. नटराजाची पूजा, ज्येष्ठ कलावंताचा सत्कार, जमलं तर एखादा नाट्यप्रवेश असा कार्यक्रम लहानातली लहान संस्थाही करते. पुढची कित्येक दशकं नाटक बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणाऱ्या कंपन्यांच्या हातात राहिलं. १९३० नंतर बोलपटांनी त्या कंपन्यांचं कंबरडं मोडलं. थिएटरांत नाटकाची जागा चित्रपटाने घेतली आणि नाटक टिकवण्याचं काम नोकरी सांभाळून तालमी करणाऱ्या माणसांवर येऊन पडलं. शिक्षक, कारकून, डॉक्टर, वकील, गिरणीतले कामगार असे हे लोक होते. मुंबईत गिरगावात १९३५ मध्ये मुंबई मराठी साहित्य संघ स्थापन झाला. डॉ. अ. ना. भालेराव यांनी तिथे नाट्यशाखा उभी केली, उघड्यावर नाट्यमहोत्सव भरवले आणि पडत्या काळात नट, लेखक आणि प्रेक्षक यांना एकत्र धरून ठेवलं. संघाचं स्वतःचं नाट्यगृह १९६४ मध्ये उभं राहिलं. मधली सगळी वर्षं मांडवात आणि मोकळ्या मैदानात गेली.

तरीही गावातली संस्था दरवर्षी नवं नाटक बसवते ती मुख्यतः एका स्पर्धेमुळे. मुंबई राज्याच्या काळातच सरकारने नाट्यस्पर्धेला सुरुवात केली. महाराष्ट्र झाल्यावर ती वाढत गेली आणि आज सांस्कृतिक कार्य संचालनालय ती घेतं. हौशी मराठी, हिंदी, संगीत, संस्कृत, बालनाट्य आणि दिव्यांग बालनाट्य अशा तिच्या वेगवेगळ्या शाखा आहेत. निरनिराळ्या शहरांतल्या केंद्रांवर प्राथमिक फेरी होते आणि केंद्रावरचं पहिलं नाटक अंतिम फेरीत जातं. प्रवेशिकेसोबत लेखकाचं परवानगीपत्र आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. एकदा तारीख मिळाली की मागे हटता येत नाही. सकाळी नेपथ्य उतरवायचं, दुपारी प्रकाशयोजना लावायची, संध्याकाळी पडदा, आणि रात्रीच सगळं टेम्पोत चढवायचं, कारण दुसऱ्या दिवशी दुसरी संस्था दारात उभी असते.

या स्पर्धेबद्दल तक्रारी भरपूर होतात. परीक्षकांवर होतात, निकालावर होतात, वेळापत्रकावर होतात. त्यातल्या बऱ्याच खऱ्याही असतात. पण तारीख नसती तर निम्म्या संस्थांच्या तालमी कधी सुरूच झाल्या नसत्या, असं मला अगदी ठामपणे वाटतं. घरचं लग्न, बँकेतली बदली, शेतीची कामं, मुलांच्या परीक्षा या सगळ्यांपुढे उभं राहायला नाटकालाही एक पक्की तारीख लागते. ती या स्पर्धेने दिली.

तिने मराठी रंगभूमीला काय दिलं ते दोन नाटकांवरून कळतं. पहिलं विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. एक हौशी मंडळी विलेपार्ल्यात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघाली होती. तेंडुलकरांनी त्यांना जागा दाखवली आणि वाटेत कानावर पडलेल्या त्यांच्या गप्पांमधून हे नाटक सुचलं. नाटकातली सोनार मोती टेनमेंट प्रोग्रेसिव्ह असोसिएशनची माणसं एका गावातल्या सभागृहात प्रयोगाआधीचा वेळ घालवतात आणि खेळाखेळात आपल्यातल्याच लीला बेणारेला पिंजऱ्यात उभी करतात. हौशी संस्थेतले मानापमान, सचिवाचा रुबाब, हातात आलेल्या छोट्या अधिकाराचा कैफ, हे सगळं त्यात आहे. १९६७ मध्ये ‘रंगायन’ने हे नाटक स्पर्धेसाठी बसवलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं आणि बेणारे सुलभा देशपांडे. हौशी संस्थेत काम केलेल्या माणसाला त्यातली क्रूरता दुरून बघता येत नाही, कारण ती खोली त्याच्या ओळखीची असते.

दुसरं नाटक ‘घाशीराम कोतवाल’. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने, म्हणजे पीडीएने, राज्य स्पर्धेसाठी त्याचा पहिला प्रयोग केला. दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यं कृष्णदेव मुळगुंद, आणि नाना फडणवीसाच्या भूमिकेत डॉ. मोहन आगाशे. माणसांची हलती भिंत पाठीमागे उभी करून नाटक करायचं ही कल्पना कुठल्याही व्यावसायिक निर्मात्याने त्या दिवसांत हातात धरली नसती. एवढ्या नटांची नाइट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, कोण देणार? इथे नाइटचा प्रश्नच नव्हता. कॉलेजात शिकणारी, नुकती नोकरीला लागलेली मुलं महिनोन् महिने तालमी करत होती.

नंतर जे झालं तेही हौशी संस्थांच्या इतिहासाचाच भाग आहे. नानांच्या चित्रणावरून वाद पेटला आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेने प्रयोग थांबवले. पीडीए ही भालबा केळकरांनी वाढवलेली संस्था. तिची शिस्त, तिची इभ्रत त्यांना जपायची होती आणि त्यांचा विरोध प्रामाणिक होता. तरुणांना मात्र नाटक करायचंच होतं. ते बाहेर पडले आणि २७ मार्च १९७३ रोजी, जागतिक रंगभूमी दिनी, त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली. १९७४ च्या जानेवारीत ‘घाशीराम’ पुन्हा उभं राहिलं आणि १९८० मध्ये युरोपात गेलं. फुटीमुळे संस्था संपतात असं आपण सहज म्हणून जातो. मराठीत मात्र फुटीतून उभ्या राहिलेल्या संस्थांनीच मोठं काम केलेलं दिसतं. मुंबईतही तेच घडलं.

‘रंगायन’ १९६० मधली. विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू अशी माणसं तिच्यात होती. दहा वर्षांत मतभेद झाले, आणि १९७१ मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांचे सोबती यांनी ‘आविष्कार’ सुरू केली. पहिली अडचण जागेची. मोठ्या नाट्यगृहाचं भाडं प्रायोगिक नाटकाला झेपत नाही, आणि दीडशे माणसांसाठी केलेलं नाटक आठशे खुर्च्यांपुढे हरवून जातं.

जागा मिळाली ती दादर पश्चिमेला, स्टेशनच्या जवळ, छबिलदास मुलांच्या शाळेत. सुलभा देशपांडे या शाळेत शिक्षिका होत्या. शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी तेंडुलकरांकडून नाटुकली लिहून घेतली होती, म्हणजे शाळा आणि नाटक यांचं नातं तिथे आधीपासून होतं. १९७४ पासून शाळेच्या सभागृहात संध्याकाळी प्रयोग होऊ लागले. ‘आविष्कार’चा मोठेपणा असा की ही जागा त्यांनी स्वतःपुरती राखली नाही. अमोल पालेकरांची ‘अनिकेत’, सत्यदेव दुबेंचं ‘थिएटर युनिट’, पुण्याची थिएटर अकॅडमी अशा कितीतरी संस्थांनी तिथे प्रयोग केले. ‘जुलूस’ आणि ‘गोची’सारखी नाटकं तिथल्या प्रेक्षकांनी बघितली. प्रेक्षकांच्या मधून नट धावत जाणं, चारी बाजूंनी माणसं बसवणं, पडदा मुळातच नसणं, हे सगळं त्या सभागृहाच्या मर्यादांतून आलं. रंगमंच लहान, दिवे मोजके, बाहेर दादरचा गोंगाट. अशा ठिकाणी नाटक उभं राहतं ते लेखनाच्या आणि नटाच्या जोरावर. प्रयोग संपल्यावर गल्लीत वडा खात नाटकावर भांडणारा प्रेक्षकही तिथेच तयार झाला. त्याच्याशिवाय ही चळवळ चाललीच नसती.

या सगळ्यामागे अरुण काकडे होते. तारखा लावणं, संस्थांशी बोलणं, खुर्च्या, पैसे, चहा, निरोप हे काम त्यांनी जवळजवळ अर्धं शतक केलं. प्रयोगानंतर टाळ्या नटांना मिळतात, कार्यवाहाला नाही. म्हणूनच २०१४ मध्ये पंढरपूरच्या ९४व्या अखिल भारतीय नाट्य संमेलनाचं अध्यक्षपद काकडेंना मिळालं, याचा मला फार आनंद आहे. पडद्यामागे राबणाऱ्या माणसाला एवढा मान क्वचित मिळतो. अरविंद देशपांडे १९८७ मध्ये गेले आणि त्यांच्या स्मृतीचा महोत्सव ‘आविष्कार’च्या वर्षातली ठरलेली गोष्ट झाली. नव्वदीच्या सुरुवातीला छबिलदासचं पर्व संपलं. संस्था महापालिकेच्या माहीमच्या शाळेत गेली. तिथेही पुन्हा शाळाच.

पुण्यात शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचाने हेच काम केलं आहे. प्रेक्षक नटाच्या हाताच्या अंतरावर बसतात, आणि नव्या लेखकाला पहिल्या दहा प्रयोगांसाठी जी जागा लागते ती तिथे मिळते.

एकांकिकांची परंपरा कॉलेजांतून आली. महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३ मध्ये पुरुषोत्तम करंडक सुरू केला. पुण्यातला कॉलेजचा नाटकवाला ऑगस्टपासून दुसरं काही बोलत नाही तो त्यामुळे. २०२२ मध्ये परीक्षकांनी करंडकाला पात्र एकही एकांकिका नाही असं ठरवून तो कुणालाच दिला नाही, तेव्हा मोठा गदारोळ झाला. मला तो निर्णय कठोर पण निरोगी वाटला. मुंबईत चतुरंग प्रतिष्ठानच्या ‘सवाई’ एकांकिका स्पर्धेची अंतिम फेरी २५ जानेवारीच्या रात्री सुरू होते आणि प्रजासत्ताक दिनाच्या पहाटे संपते. इतर स्पर्धांत जिंकलेल्या एकांकिका तिथे एकमेकींपुढे उभ्या राहतात. हौशी संस्थेचा जानेवारी एकांकिकांत जातो तो अशा स्पर्धांमुळे.

उन्हाळी शिबिरांची मुळं सुधा करमरकरांपर्यंत जातात. अमेरिकेत मुलांची रंगभूमी बघून आल्यावर त्यांनी १९५९ मध्ये साहित्य संघाच्या मदतीने रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं. मुलांसाठीचं नाटक व्यवस्थित नेपथ्यासह, तिकीट लावून, मोठ्या नाटकाइतक्या काळजीने करायचं ही त्यांची भूमिका होती. ‘आविष्कार’च्या चंद्रशाळेने, म्हणजे तिच्या मुलांच्या विभागाने, १९८२ मध्ये ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य केलं. मुलं मोठी होत गेली, त्यांच्या जागी नवी येत गेली, नाटक चालूच राहिलं. शिबिराचं पत्रक वाटणाऱ्या आजच्या संस्थांनी एवढं तरी त्यातून घ्यावं: आठवड्याभरात ‘व्यक्तिमत्त्व विकास’ करून देण्याचं आश्वासन देऊ नये, मुलांना नाटक करू द्यावं.

जागेचा प्रश्न अजून तिथेच आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. शाहू महाराजांनी उभारलेली ही वास्तू १९१५ पासून गावाला होती. आग लागली ती ज्यांचं नाव नाट्यगृहाला आहे त्या गायक नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. रंगकर्मी रडत होते, आणि त्या रडण्याचं कारण भावनेइतकंच व्यवहाराचंही होतं. कोल्हापूरच्या संस्थांचा स्पर्धेचा प्रयोग, तालमी, नेपथ्य ठेवायची सोय हे सगळं एका रात्रीत गेलं. मोठं नाट्यगृह असलंच पाहिजे. पण तालुक्याच्या गावाला त्याआधी शंभर-दीडशे माणसांची, साधे दिवे आणि काळे पडदे असलेली जागा हवी, आणि ती बांधायला नको. शाळेचं सभागृह संध्याकाळी साडेपाचनंतर बंदच असतं. विजेचं बिल, सफाई, वॉचमनचा जादा वेळ याची लेखी हमी देऊन संस्थेने मुख्याध्यापकांकडे आणि संचालक मंडळाकडे जावं. बदल्यात शाळेच्या मुलांचं एक नाटक दरवर्षी बसवून द्यावं. छबिलदासमध्ये नातं नेमकं असंच जुळलं होतं.

ठाण्यात २०१४ पासून याहून पुढचं पाऊल पडलेलं आहे. समता विचार प्रसारक संस्थेच्या सोबतीने रत्नाकर मतकरींनी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. शहरातल्या वस्त्यांमधली मुलं स्वतःच्या गल्लीतले विषय घेतात, संवाद स्वतः रचतात, नाटिका स्वतः बसवतात आणि ‘नाट्यजल्लोष’मध्ये एकमेकांच्या वस्त्यांची नाटकं बघतात. पाण्याचा नळ, दारू, शाळा सुटणं, मुलीचं लवकर ठरलेलं लग्न, असे विषय. नाट्यगृहाच्या पायऱ्या कधी न चढलेले आईबाप प्रेक्षकांत बसतात. मतकरी मे २०२० मध्ये गेले. नाट्यजल्लोष त्यांच्या नावाने पुढे चालू राहिला.