आठवीच्या इंग्रजीतून कथा-कविता हद्दपार? छे!
अमेरिकेत २०१० साली ‘कॉमन कोअर’ निकष, म्हणजे कोणत्या इयत्तेत मुलांना इंग्रजी-गणितात काय यायला हवं याची यादी, आले आणि आवई उठली: आठवीच्या इंग्रजीच्या तासाला ५५ टक्के माहितीपर वाचन सक्तीचं, कथा-कवितांना कात्री. आकडा खरा, अर्थ चुकीचा. ही टक्केवारी सगळ्या विषयांतल्या वाचनाची. विज्ञान-इतिहासाची पानंही त्यातच धरलेली. निकषांत तशी तळटीपच आहे, पण तळटीप वाचतो कोण! इंग्रजीच्या तासाला भर कथा, नाटक, कवितेवर, जोडीला ललित गद्यावर. संवादातल्या एखाद्या ओळीतून पात्राचा स्वभाव कसा उघडा पडतो, हे आठवीचं पोर शोधतं. लेखात घुसडलेला गैरलागू पुरावाही त्याने हुडकायचा असतो. काही शाळांनी आकडा शब्दशः घेऊन कादंबऱ्या कमी केल्या, हेही खरं.