परिदृश्य नियोजन

भविष्यात नेमके काय घडेल हे सांगण्याच्या भरीस न पडता, काय काय घडू शकेल याची तीन-चार सुसंगत कथानके रचायची आणि आजचा निर्णय त्या प्रत्येकात तगतो का हे ताडून पाहायचे, अशी व्यवस्थापनातील एक पद्धत. कंपन्यांच्या बैठकांत तिला सर्रास ‘सिनॅरिओ प्लॅनिंग’ म्हणतात. उद्योगाचे मालक, संचालक आणि वरिष्ठ व्यवस्थापक यांच्या विचारांची तयारी करून घेणे हा तिचा मुख्य हेतू. कागदावर उतरणारी योजना दुय्यम. या नोंदीतील उदाहरणे इंदूर आणि माळव्यातील आहेत.

अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये जोखीम आणि अनिश्चितता यांत केलेला भेद या पद्धतीच्या मुळाशी आहे. गोदामाला आग लागण्याची शक्यता मागच्या अनुभवावरून मोजता येते, म्हणून तिचा विमा उतरवता येतो; ही जोखीम. पण २० डिसेंबर २०२१ रोजी सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांच्या वायद्यांवर बंदी घातली, तेव्हा त्या वायद्यांवर भाव बांधून बसलेल्या इंदूरच्या व्यापाऱ्याला मागच्या अनुभवाचा कोणता तक्ता उपयोगी पडला असता? ही अनिश्चितता. तिची टक्केवारी काढता येत नाही, कल्पना मात्र करून ठेवता येते.

इंदूरला दूरचा विचार नवा नाही. खांडव्याहून इंदूरपर्यंत रेल्वे यावी म्हणून तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षे. म्हणजे हिशेब १९७१ पर्यंतचा. तोवर कर्ज घेणारे सरकार देश सोडून गेले होते आणि कर्ज देणारे संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाले होते. रेल्वे मात्र आली आणि शहर तिच्यामुळे वाढले. करार चुकला की बरोबर ठरला, हे ज्याने त्याने ठरवावे. एकाच भविष्यावर बांधलेला दस्तऐवज कसा दिसतो, याचा मात्र तो चांगला नमुना आहे. पुढे माळव्यातील अफूचा चीनशी चालणारा व्यापार १९०७ च्या करारानंतर आटत गेला आणि इथले भांडवल कापडगिरण्यांकडे वळले. गिरण्यांचे भोंगे हे शहराचे घड्याळ झाले. यंत्रमाग, कृत्रिम धागा आणि जुनाट यंत्रे यांच्या कात्रीत सापडून त्याही विसाव्या शतकाच्या अखेरीस एकामागून एक बंद पडल्या. हुकुमचंद मिलच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीपोटी २२४ कोटी रुपये सुपूर्द झाले ते २५ डिसेंबर २०२३ रोजी, गिरणी बंद पडून तीन दशके उलटल्यावर.

पद्धतीचा उगम लष्करी आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेतील रँड संस्थेत हर्मन कान अणुयुद्धाच्या संभाव्य कथानकांचा अभ्यास करत. ‘सिनॅरिओ’ हा शब्द नाट्य-चित्रपटाच्या संहितेवरून उचललेला. उद्योगात ती रुजवली शेल या तेलकंपनीने. पिएर वाक या फ्रेंच अधिकाऱ्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी लंडनच्या कार्यालयात वरिष्ठांपुढे एक अप्रिय कथानक मांडले: अरब देशांना तेल भराभर उपसून विकण्याची गरज नाही, तेव्हा स्वस्त तेलाचे दिवस संपू शकतात. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि जानेवारी १९७४ पर्यंत पिंपाचा भाव सुमारे तीन डॉलरवरून चौपटीच्या आसपास गेला. शेलने भविष्य ओळखले, अशी आख्यायिका त्यातून तयार झाली. ती फारशी खरी नाही. वाकने १९८५ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त दोन लेख लिहिले. त्यांतला त्याचा दावा साधा आहे: आपले काम व्यवस्थापकाच्या डोक्यातले जगाचे चित्र बदलण्याचे. पहिल्या फेरीतली कथानके नुसती माहितीपूर्ण होती, म्हणून ती कोणाला हलवू शकली नाहीत, हेही त्याने मोकळेपणाने सांगितले आहे.

ज्या गोष्टी ठरल्यासारख्या आहेत त्या अनिश्चित गोष्टींपासून वेगळ्या काढणे ही पद्धतीतील सर्वांत महत्त्वाची पायरी. वाकने त्यासाठी गंगेचा दाखला दिला: वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला की दोन दिवसांनी ऋषिकेशला, आणखी काही दिवसांनी अलाहाबाद आणि बनारसला काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. नर्मदाकाठच्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. वरच्या अंगाला, जबलपूरजवळच्या बरगी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की नर्मदापुरमचा (पूर्वीच्या होशंगाबादचा) सेठाणी घाट सावध होतो.

उदाहरणादाखल, देवास रस्त्यावरील एका काल्पनिक सोया सॉल्व्हंट प्लांटचे, म्हणजे द्रावक वापरून सोयाबीनचे तेल काढणाऱ्या कारखान्याचे, मालक घेऊ. ‘पुढे काय होईल?’ हा प्रश्न बैठकीत घेऊन उपयोग नाही. ‘येत्या पाच वर्षांत क्रशिंगची, म्हणजे दाणे गाळण्याची, क्षमता वाढवायची का?’ हा चालतो. ठरल्यासारखे काय? देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग आयात होतो आणि ते एवढ्यात बदलणार नाही. सोयाबीन खरिपाचे, पावसावरचे पीक, सप्टेंबरअखेरीपासून मंडीत आवक सुरू. आणि शंभर किलो दाण्यातून तेल निघते जेमतेम अठरा किलो. बाकी जवळजवळ सगळी पेंड, बाजाराच्या भाषेत डीओसी. प्लांट तेलाचा म्हणून ओळखला जातो, तगतो मात्र पेंडीवर. बऱ्याच बैठकांत हेच प्रथम उघड बोलले जाते.

अनिश्चित काय? पहिली गोष्ट आयातशुल्क; ते चढे असले की बाहेरचे तेल महाग पडते आणि इथल्या तेलाला भाव मिळतो. कच्च्या खाद्यतेलावरील मूळ सीमाशुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये शून्यावरून २० टक्के झाले आणि मे २०२५ च्या अखेरीस १० टक्क्यांवर आले. नऊ महिन्यांत दोन उलथापालथी. दुसरी गोष्ट पेंडीची मागणी, आणि हिचे धागेदोरे अनपेक्षित ठिकाणी जातात. मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांतून डीडीजीएस नावाचा चोथा निघतो. तो स्वस्त पडतो म्हणून कोंबडीखाद्यात सोयापेंडीची जागा घेऊ लागला. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे धोरण सोयाबीनच्या गाळपावर असे येऊन आदळेल, हे प्लांटच्या कार्यालयात बसून सुचणे कठीण.

या दोन अनिश्चित गोष्टी दोन अक्ष धरल्या की चार कथानके उभी राहतात. शुल्क चढे आणि पेंडीला उठाव, ही ‘दिवाळी’. दोन्ही प्रतिकूल, तो ‘उपास’. शुल्क चढे पण पेंड पडून, ते ‘तेल तारी’. शुल्क नगण्य पण पेंडीला मागणी, ते ‘पेंड तारी’. शेवटचे कथानक रंगवताना २०२१ आठवावे: दाण्याचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला, कोंबडीपालक ओरडू लागले आणि ऑगस्टमध्ये सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. म्हणजे उठावाच्या पोटातच आयातीचे बी असते. नावे चटकदार हवीत, कारण ती बैठकीबाहेर जायला हवीत. दोन वर्षांनी मुनीमजी ‘साहेब, उपास लागला वाटतं’ म्हणाले, तर काम झाले. क्षमता दुप्पट करण्याचा बेत या चारांपैकी फक्त ‘दिवाळी’त शोभतो. त्याऐवजी सोयापीठ किंवा सोयावडीची छोटी जोडणी, अथवा दुसरी तेलबीही चालेल अशी यंत्रे घेणे, हे बेत तिन्ही-चारी कथानकांत निदान तोट्यात नेत नाहीत. शेवटी खुणा ठरवायच्या: सीमाशुल्काची अधिसूचना, डीडीजीएसचा भाव, ब्राझील-अर्जेंटिनाचे पीक. या कोणी पाहायच्या आणि कधी कळवायच्या, हे नाव घालून लिहिले नाही तर कोणीच पाहत नाही.

इंदूरजवळच्या पिथमपूर आणि सांवेर रोड या औद्योगिक भागांतील लहान कारखान्यांना हीच रीत आकार कमी करून वापरता येते. इंदूरच्या मराठी घरांची वाट बहुधा आधी दरबारातल्या आणि मग सरकारी नोकरीची. पुढच्या पिढीतले काही इंजिनिअर झाले आणि वाहनकंपन्यांना सुटे भाग पुरवू लागले. त्यांच्यापुढचा प्रश्न असा की गाडी विजेवर गेली तर आपला भाग उरतो का. ब्रेकचा भाग उरतो, क्लचचा बहुतेक जातो. एवढे एक वाक्य लिहून काढले तरी निम्मी बैठक झाली. तरीही बहुतेक ठिकाणी विषय ‘पाहून घेऊ’वर मिटतो.

पद्धतीवरचे आक्षेप खरे आहेत. कथानकांना शक्यतेचे आकडे नसल्याने बँकेला ती पोकळ वाटतात. तीनच कथानके केली तर माणसे मधले उचलतात आणि निश्चिंत होतात. म्हणून अनेक जाणकार दोन किंवा चार करतात. सल्लागाराने बाहेरून लिहून दिलेला अहवाल कपाटात जातो, कारण तो लिहिताना मालकाचे डोके कामाला लागलेले नसते. घरच्या धंद्यात आणखी एक अडचण: बाबा आधी बोलले की बैठक संपली. यावर उपाय म्हणजे वयाने सर्वांत लहान असलेल्याने पहिल्यांदा बोलायचे. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये मांडलेली एक युक्तीही इथे उपयोगी पडते: योजना सुरू होण्याआधीच ती सपशेल फसली असे धरून चालायचे आणि ती का फसली हे प्रत्येकाने स्वतंत्रपणे कागदावर लिहायचे. सुनेला किंवा हिशेबनिसाला जे तोंडावर सांगता येत नाही, ते कागदावर येते. चिठ्ठ्या मोठ्याने वाचण्याचे काम मात्र घराबाहेरच्या माणसाकडे द्यावे. अक्षर ओळखू येते.