तीन वर्षांचं खत

"काका, निदान पाचशे तरी टाका आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या कागदावर सही करा. फाइल मी इथेच थांबवतो." भांडुपला आमच्या शेजारच्या काकांना रात्री साडेआठला बँकेच्या वसुली एजंटाचा हा फोन आला, तेव्हा क्रेडिट कार्डाच्या थकबाकीला तीन वर्षं व्हायला दोन महिने उरले होते. लाखभराच्या येण्यात पाचशेचं एवढं अप्रूप कशाला, हे समजायला थेट १८५९ गाठावं लागतं.

त्या साली इंग्रज सरकारने मुदतीचा कायदा केला. कर्जरोख्यावर दावा लावायचा तर तीन वर्षांत लावा. व्याज साचत जाऊ नये, हा हेतू. सावकारांनी त्यातूनच वाट काढली. मुदत भरत आली की कुळाला बोलवायचं, मुद्दल आणि थकलेलं व्याज एक करून नव्या आकड्याचं खत, म्हणजे कर्जरोखा, लिहायचं, खाली अंगठा घ्यायचा. मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून, आणि आता व्याजावरही व्याज. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले, तेव्हा त्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं मागून घेऊन जाळली. कागदच काय करतो, ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि खतामागचा खरा हिशेब उकरायची मुभा न्यायालयांना मिळाली.

गिरणगावात तर पगाराच्या दिवशी व्याजाने पैसे देणारा पठाण गिरणीच्या दारातच उभा असे. तिथे मुदत-बिदत कोण विचारतो!

आजचा मुदतीचा कायदा १९६३ चा. विनातारण कर्जाला मुदत तीच, तीन वर्षं. ती उलटण्याआधी देणं सहीनिशी मान्य केलं, किंवा थोडी रक्कम भरून तशी सहीची नोंद दिली, की तिथून नवी तीन वर्षं. मुदत उलटल्यावर नुसते पाचशे भरल्याने दावा जिवंत होत नाही, पण 'फेडीन' असं सही करून लिहून दिलं तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५ खाली तो नवा करार ठरतो. मुदत गेली म्हणून देणं मिटत नाही, कोर्टाची वाट तेवढी बंद होते. सिबिलचं, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीचं, गणित आणखी वेगळं.

वसुलीवाल्यांच्या वागणुकीचे नियम मात्र फारच उशिरा आले. रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये एजंटांसाठी सूचना काढल्या, आणि १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी ८ च्या आधी व संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायला मनाई केली. एजंट बाहेरचा असला तरी जबाबदारी बँकेचीच. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ग्राहक आयोगाकडे जायचं तर मुदत दोन वर्षांची.

काकांनी सही केली नाही. थकबाकीचा तपशील लेखी पाठवा, एवढंच म्हणाले आणि कालनिर्णयच्या पानावर त्या तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहून ठेवलं: रा. ८.३०.