तीनशेचे साडेचारशे

ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा प्रोसेसर बाजारात आणला. वेग ३०० मेगाहर्ट्झ, किंमत १४९ डॉलर. त्याच महिन्यात त्याच कंपनीचा पेंटियम टू ४५० आला, त्याची किंमत ६६९ डॉलर. पहिला घरगुती गिऱ्हाइकासाठी, दुसरा ज्यांना वेगाची खरी गरज त्यांच्यासाठी. पण थोड्याच दिवसांत हौशी मंडळींच्या लक्षात आलं की मदरबोर्डवरची, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डावरची, एक सेटिंग बदलली, तर हा स्वस्तातला सेलेरॉन साडेचारशे मेगाहर्ट्झवर सुरळीत चालतो. कित्येक नगांना त्यासाठी वाढीव व्होल्टेजही लागत नव्हतं, मूळच्या २ व्होल्टवरच काम भागत होतं.

कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर चालवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. आज त्याबद्दल लिहिताना मी पंचवीसहून अधिक वर्षं जुन्या प्रोसेसरपासून सुरुवात करतोय, कारण डब्यावर छापलेल्या त्या मेगाहर्ट्झच्या आकड्याचा अर्थ मला तरी याच गोष्टीतून उलगडला. तो आकडा सिलिकॉनची कमाल मर्यादा सांगत नाही. ठरवून दिलेल्या परिस्थितीत इतका वेग मिळेलच, अशी ती कंपनीने दिलेली हमी आहे. हमी आणि मर्यादा यांच्यामध्ये काही जागा उरते आणि ओव्हरक्लॉकिंगचा सगळा खेळ तेवढ्या जागेत चालतो.

लेझीम खेळणारी रांग डोळ्यांसमोर आणा. हलगीची पुढची थाप पडेपर्यंत प्रत्येक गड्याचा आधीचा हात पूर्ण झालेला असला पाहिजे. ठेका वाढवत नेला की चपळ गडी टिकून राहतात, पण सगळ्यात सावकाश गड्याचा हात अर्ध्यात राहतो आणि तिथे रांग मोडते. प्रोसेसरमध्ये हेच घडतं. क्लॉकच्या एका ठोक्याला माहिती एका टप्प्यावरून निघते, वाटेत ट्रान्झिस्टरच्या अनेक फाटकांतून जाते आणि पुढचा ठोका पडायच्या आत तिला पुढच्या टप्प्यावर पोचावं लागतं. ५ गिगाहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ५ अब्ज ठोके पडत असताना, दोन ठोक्यांमधलं अंतर असतं ०.२ नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा फक्त ६ सेंटिमीटर जातो. चिपमधल्या लाखो वाटांपैकी जी सर्वात वेळखाऊ असेल, तीच अख्ख्या प्रोसेसरचा वेग ठरवते.

हा ठेका धरतं कोण? मदरबोर्डवर क्वार्ट्झचा एक स्फटिक असतो, त्याच्या कंपनांवरून एक मूळ वारंवारता तयार होते. आजच्या बहुतेक संगणकांत ती १०० मेगाहर्ट्झ असते. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममध्ये, मल्टिप्लायर (या वारंवारतेची पट) ५० ठेवला की प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झवर चालतो. नाव मल्टिप्लायर असलं तरी आत गुणाकार असा होतच नाही, आणि हा भाग मला फार सुंदर वाटतो. प्रोसेसरमध्ये स्वतःचा एक वेगवान ऑसिलेटर असतो. त्याच्या ठोक्यांना ५० ने भागून जे येतं, ते मूळ १०० मेगाहर्ट्झशी सतत ताडून पाहिलं जातं. मागे पडलं तर ऑसिलेटरला पुढे ढकलायचं, पुढे गेलं तर मागे ओढायचं. म्हणजे मल्टिप्लायर वाढवताना आपण खरं तर एक भाजक वाढवत असतो.

सेलेरॉन ३००ए चा मल्टिप्लायर कारखान्यातच साडेचारवर कुलूपबंद होता. मूळ वारंवारता ६६ मेगाहर्ट्झ, म्हणून वेग ३००. मल्टिप्लायरला हात लावता येत नसेल, तर मूळ वारंवारताच वाढवायची. ती १०० केली की साडेचार गुणिले शंभर, साडेचारशे. त्या वेळच्या ४४०बीएक्स चिपसेटच्या (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपांच्या) मदरबोर्डना ६६ आणि १०० या दोन्ही वारंवारता रीतसर चालत होत्या. आबिट कंपनीच्या बीएच६ या मदरबोर्डवर तर डबा उघडून जंपर (दोन पिन जोडणारी छोटी टोपी) हलवायचीही गरज नव्हती, बायोसच्या पडद्यावरूनच आकडा निवडता यायचा. जे बोर्ड प्रोसेसरला विचारून वारंवारता आपोआप ठरवायचे, त्यांच्यासाठी लोकांनी वेगळी युक्ती काढली. प्रोसेसरच्या कार्डावरच्या बी२१ नावाच्या संपर्कपट्टीवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावायचा. तो संपर्क तुटला की बोर्डाला हा १०० मेगाहर्ट्झचाच प्रोसेसर वाटायचा.

इथे एक विलक्षण गोष्ट होती. ६६ वरून एकदम १०० वर जाणं बऱ्याचदा जमून जायचं, पण मधल्या ८३ वर संगणक कुरकुर करायचा. कारण साऊंड कार्ड, हार्ड डिस्क यांना जोडणारी पीसीआय बससुद्धा याच मूळ वारंवारतेला भागून चालायची आणि तिला ३३ मेगाहर्ट्झ हवे असायचे. ६६ ला दोनने भागलं की ३३, १०० ला तीनने भागलं की पुन्हा ३३. मात्र ८३ ला दोनने भागलं की साडेएक्केचाळीस, आणि तो वेग हार्ड डिस्कच्या कंट्रोलरला झेपेलच असं नाही. बिचारा प्रोसेसर निर्दोष असायचा, अडखळायचे त्याचे शेजारी.

आता मुख्य प्रश्न. ४५० वर चालू शकणारी चिप कंपनी ३०० म्हणून का विकत होती? सिलिकॉनच्या एकाच चकतीतून शेकडो चिपा कापल्या जातात, पण त्या एकसारख्या निघत नाहीत. एकाच घाण्यातल्या चकल्यांत काही कुरकुरीत, काही किंचित मऊ निघाव्यात तसं. कंपनी प्रत्येक चिप तपासते आणि वेगानुसार वर्गवारी करते. उत्पादन नीट बसलेलं असेल, तर बहुतेक चिपा वरच्या वर्गात बसण्याजोग्या निघतात, पण बाजाराला स्वस्त चिपाही हव्याच असतात. मग चांगल्या चिपाही खालच्या वर्गात जातात. सेलेरॉनच्या बाबतीत आणखी एक कारण होतं. पेंटियम टू ची ५१२ केबी कॅश मेमरी, म्हणजे वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारी छोटी मेमरी, वेगळ्या चिपांमध्ये, निम्म्या वेगाने चालायची आणि तो जादा वेगातला अडथळा ठरायचा. सेलेरॉन ३००ए ची कॅश जेमतेम १२८ केबी, पण प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर आणि पूर्ण वेगाची. खर्च वाचवायला म्हणून केलेली रचना वेगाच्या पथ्यावर पडली.

सेलेरॉनइतकं नशीब क्वचितच फळफळतं. एरवी वेग वाढवला की काही वेळाने तो सावकाश गडी चुकायला लागतो, आणि त्याचा हात चपळ करायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं. ट्रान्झिस्टरने पुढच्या फाटकाला निरोप द्यायचा म्हणजे तिथला छोटासा विद्युतभार भरायचा किंवा रिकामा करायचा. व्होल्टेज जास्त असलं की प्रवाह जास्त वाहतो आणि ते काम लवकर उरकतं. पण उष्णता वारंवारतेच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. समजा, ४.२ गिगाहर्ट्झवरून तुम्ही ४.८ वर गेलात आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ केलं. वेग वाढला १४ टक्के, उष्णता वाढली सुमारे ४५ टक्के. शिवाय चिप तापली की ट्रान्झिस्टरमधून झिरपणारा प्रवाह वाढतो, तो वेगळाच. म्हणून वेग एकेक पायरीने वाढवावा, व्होल्टेज शेवटी आणि अगदी थोडं, हजारांश व्होल्टच्या हिशेबात. विक्रम करणारे याच कारणाने द्रव नायट्रोजन किंवा द्रव हेलियम ओततात. २०२२ च्या अखेरीस हेलियमच्या मदतीने एका प्रोसेसरने ९ गिगाहर्ट्झ ओलांडले. तो काही क्षणांचा पराक्रम, रोजच्या वापराशी त्याचा संबंध नाही.

नवशिक्यांना मी एक गोष्ट कळकळीने सांगतो. संगणक चालू झाला, विंडोज दिसलं, म्हणजे ओव्हरक्लॉक जमलं असं नाही. नुसता निळा पडदा येऊन संगणक बंद पडला तर उलट बरं, निदान कळतं तरी. धोका असतो तो गुपचूप चुकणाऱ्या गणिताचा. एखादा बिट वेळेत पोचला नाही, बेरीज चुकली आणि ती चूक तुमच्या फाइलमध्ये जाऊन बसली, तर ती महिन्याभराने सापडेल किंवा सापडणारच नाही. म्हणूनच प्राइम९५ हा प्रोग्राम या मंडळींत इतका मानला जातो. मुळात तो प्रचंड मोठ्या मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिला गेला. त्याच्या चाचणीत अवघड आकडेमोड करून उत्तरं आधीच माहीत असलेल्या उत्तरांशी ताडली जातात. एक अंक चुकला तरी तो थांबतो. तासन्‌तास तो विनाचूक चालला, तर त्या वेगावर थोडा भरवसा ठेवता येतो. आणि सेटिंग पारच चुकून संगणक सुरूच होईना, तरी घाबरू नये. मदरबोर्डवर बायोस मूळपदावर आणण्याचे दोन पिन असतात. प्लग काढून ते क्षणभर जोडले की सगळं पहिल्यासारखं होतं.

कंपन्यांनी ही मधली जागा आता स्वतःच वापरायला घेतली आहे. इंटेलने २०११ पासून मुख्यतः नावात के अक्षर असलेल्या प्रोसेसरचाच मल्टिप्लायर मोकळा ठेवला. एएमडीने २०१७ साली रायझन आणताना सगळ्यांचा मोकळा ठेवला. पण आजचा प्रोसेसर तापमान, व्होल्टेज, प्रवाह पाहून सेकंदात कित्येकदा आपला वेग आपणच वरखाली करतो. हाताने मिळवण्याजोगं फार थोडं उरलं आहे, आणि ते कुठपर्यंत ताणावं याचा धडा २०२४ साली मिळाला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर, ओव्हरक्लॉक न करताही, अस्थिर होऊ लागले. कंपनीच्या तपासात निघालं की जास्त व्होल्टेज आणि उष्णतेमुळे कोअरमध्ये (प्रोसेसरच्या आकडेमोड करणाऱ्या भागात) क्लॉकचे ठोके पोचवणारं जाळंच अकाली झिजत होतं. गडी शाबूत, पण हलगीच फाटायला आलेली. मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची, दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली, मात्र जे झिजलं ते भरून येत नाही.

माझ्याकडे नागपुरात जो जुना डेस्कटॉप आहे, त्यावर ४.८ गिगाहर्ट्झची सेटिंग मी डिसेंबरात बसवली होती. खोलीचं तापमान २२ अंश, पूर्ण भाराखाली कोअर ७७. रात्रभर चाचणी केली, एकही चूक नाही. मे महिन्यात तोच संगणक दुपारी आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. आधी मला पॉवर सप्लायचा संशय आला, एक रविवार त्यात गेला. कारण साधं होतं. हीटसिंक आणि फॅन चिपला थंड करतात ते खोलीच्या हवेच्या हिशेबाने. तो ५५ अंशांचा फरक तसाच राहतो, आणि खसचा कूलर लावूनही ३८ अंश असलेल्या खोलीत कोअर ९३ वर पोचतो. तापलेल्या सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन अडखळत जातात, तारांचा रोध वाढतो आणि डिसेंबरात वेळेत पोचणारा बिट मेमध्ये उशिरा पोचतो.

बायोसमध्ये सेटिंगचे संच जपून ठेवायची सोय असते. मी दोन संच केले. एकात ४.८, दुसऱ्यात ४.५ आणि बरंच कमी व्होल्टेज. एकाला नाव दिलं डिसेंबर, दुसऱ्याला मे.